जांभी जमीन, खताचें पाणी आणि तणनाशक

रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबा-काजूच्या बागांतून कोयत्याच्या जोडीस आतां तणनाशकाचा पंप येऊन बसला आहे, हें कोणाही बागायतदारास निराळें सांगावयास नको. गडीमाणूस वेळेवर मिळत नाहीं, मिळाला तर मजुरी परवडत नाहीं, आणि कोंकणचें गवत तर कोणासाठींच थांबत नाहीं. अशा स्थितींत ज्यानें पंप हातीं घेतला त्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जें द्रव्य आपण आपल्या जमिनीवर ओततों, तें पुढें कोठें जातें, याचा विचार करणें हें जमिनीच्या मालकाचें काम आहे. तें दुकानदारावर सोंपवून चालणार नाहीं.

बाजारांत या प्रश्नास एक ठराविक उत्तर मिळतें. "औषध मातीस लागलें कीं मेलें, काळजी नको." हें उत्तर सर्वस्वीं खोटें नाहीं, म्हणूनच तें फसवें आहे. कांहीं तणनाशकें मातीस खरोखरच घट्ट चिकटतात, कांहीं जेमतेम चिकटतात. आणि एकच तणनाशक एकाच मातींत, ती माती कोरडी व निखतीची असतांना एक प्रकारें वागतें व तिच्यावर शेणखताचें किंवा पालापाचोळ्याचें पाणी फिरलें असतां दुसऱ्या प्रकारें वागतें. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम आपल्या जमिनीविषयीं दोन शब्द. फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांत चिरे कापतांना हा दगड पाहिला व १८०७ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यास लॅटरायट असें नांव दिलें. लॅटिन भाषेंत विटेस जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. आपण त्यास जांभा म्हणतों. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, असा हजारों वर्षें पडत राहिल्यानें मूळ खडकांतील चुना, पोटॅश, मॅग्नेशिया व बरीचशी सिलिका धुवून गेली आणि मागें लोखंड व अॅल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें व केओलिन जातीची चिकणमाती उरली. तांबडा रंग लोखंडाचा. अशी माती आम्ल असते, आणि आम्लतेमुळें लोखंडाच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर धन विद्युद्भार येतो. काळ्या रेगूर मातीची चिकण ऋणभाराची असते. आपली माती त्या मानानें उलट्या स्वभावाची आहे. सुपर फॉस्फेट घातलें तरी तें पिकास पुरतें मिळत नाहीं, ही आपली जुनी तक्रार आहे. तिचें कारण हेंच. स्फुरदाचा ऋणभारित कण लोखंडाच्या धनभारित पृष्ठभागावर जाऊन अडकून बसतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तणनाशकाचें रहस्य पुष्कळसें यांतच आहे.

तणनाशक मातींत किती टिकून राहतें हें मोजण्याची प्रयोगशाळेंतील रीत साधी आहे. ठराविक वजनाची माती ठराविक पाण्यांत घालतात, त्यांत माहीत असलेलें तणनाशक सोडतात, साधारण एक दिवसभर घुसळत ठेवतात, मग माती खालीं बसवून वरच्या पाण्यांत किती उरलें तें पाहतात. जें पाण्यांत उरलें नाहीं तें मातीनें धरलें. मातीच्या एका ग्रॅमानें धरलेलें व पाण्याच्या एका मिलिलिटरांत राहिलेलें यांचें प्रमाण काढलें म्हणजे एक गुणक मिळतो. समजा, माती व पाणी समभाग आहेत व गुणक नऊ आहे. तर शंभरांतील नव्वद भाग मातीकडे व दहा भाग पाण्यांत राहिले. आतां कांहीं कारणानें हाच गुणक चारावर आला असें धरा. मातीकडे ऐंशीं राहिले, पाण्यांत वीस झाले. मातीकडे पाहणाऱ्यास वाटेल, नव्वदाचे ऐंशीं झाले, त्यांत मोठेंसें काय बिघडलें? परंतु विहिरीकडे पाहणाऱ्यास दिसेल कीं दहाचे वीस झाले, म्हणजे दुप्पट. हा हिशेब आम्हीं केवळ समजुतीसाठीं मांडला आहे. पण पाणी पिणाऱ्यानें नेहमीं दुसऱ्या बाजूनेंच हिशेब करावा, हें त्यावरून उघड होतें.

गुणक असा खालीं-वर करणाऱ्या कारणांत विद्राव्य सेंद्रिय द्रव्य हें एक प्रमुख कारण आहे. नांव अवघड असलें तरी वस्तु सर्वांच्या परिचयाची आहे. आगोटीच्या पहिल्या सरींत उकिरड्याच्या पायथ्यापासून जें तपकिरी, चहासारखें पाणी वाहूं लागतें तें हेंच. झाडाखालीं साठलेल्या पाल्यांतून निथळणारें पाणी, जीवामृताच्या पिंपांतील पाणी, शेणकाला, गिरीपुष्पाचा पाला कुजवलेल्या खाचरांतील पाणी, या सर्वांत तें असतें. शास्त्रज्ञ साधारणपणें ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणींतून जें सेंद्रिय द्रव्य पाण्याबरोबर पार होतें त्यास विद्राव्य म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. त्यांत साध्या शर्करा व सेंद्रिय आम्लांपासून तों ह्यूमसाच्या मोठमोठ्या गुंतागुंतीच्या रेणूंपर्यंत सर्व कांहीं असतें. बहुतेकांवर ऋणभार असतो.

हें पाणी मातींतून जातांना तणनाशकाच्या बाबतींत तीन निरनिराळीं कामें करतें, आणि तीं एकमेकांच्या विरुद्ध असल्यानेंच हा विषय गोंधळाचा झाला आहे.

पहिलें काम होडीचें. पेंडिमेथॅलिन, ऑक्सिफ्लुओर्फेन, ब्युटाक्लोर, डाययुरॉन अशा तणनाशकांवर विद्युद्भार नसतो; त्यांना पाणी फारसें आवडत नाहीं, तेलकट वस्तु आवडते. मातींत तीं ह्यूमसास चिकटून बसतात. पण पाण्यांतच ह्यूमसाचे रेणू तरंगत आले तर त्यांस चिकटूनही तीं बसतात, व खाडींत होडीनें माणूस पार व्हावा तशीं त्या रेणूंबरोबर खालीं उतरतात. द्रव्य जितकें पाण्यास नावडतें तितकी त्यास होडीची गरज अधिक, हें येथें लक्षांत घ्यावें.

दुसरें काम जागा बळकावण्याचें. ग्लायफोसेट व २,४-डी यांवर आपल्या मातींत ऋणभार असतो. ग्लायफोसेटाच्या अंगांत स्फुरदासारखाच एक गट आहे व त्या गटानें तें लोखंड-अॅल्युमिनियमाच्या ऑक्साइडांस पकडतें. म्हणूनच जांभ्या मातींत तें घट्ट बसतें, व म्हणूनच फवारलेल्या मातींत दुसऱ्या दिवशीं बीं पेरलें तरी सहसा उगवतें. पण त्याच जागांवर स्फुरदाची व सेंद्रिय आम्लांचीही नजर असते. पंक्तींत पाट मोजके आणि पाहुणे अधिक झाले म्हणजे कोणास तरी उभें राहावें लागतें. ग्लायफोसेट चिवट आहे, तें सहजीं उठत नाहीं. स्फुरद मात्र त्यास उठवूं शकतो. २,४-डी बिचारें दुबळें. तें मुळांतच सैल बसलेलें असतें, त्यास खताचें पाणीही पुरेसें होतें. त्यांत चुना घालून आम्लता मोडली कीं ऑक्साइडांवरील धनभार कमी होतो व त्याचा उरलासुरला आधारही जातो. शिवाय चुन्यानें मातींतील सेंद्रिय द्रव्य अधिक विरघळूं लागतें, तें निराळेंच.

तिसरें काम या दोहोंच्या उलट. विद्राव्य द्रव्य स्वतःच लोखंडाच्या ऑक्साइडांवर जाऊन बसतें व तेथें ह्यूमसाचा एक पातळ थर तयार होतो. ज्या मातींत मुळांत ह्यूमस थोडें आहे, तेथें हा थर म्हणजे पेंडिमेथॅलिनासारख्या द्रव्यांस नवी बैठकच होय. होडीसह उतारू किनाऱ्यास लागला, असा प्रकार. म्हणून सेंद्रिय द्रव्य कमी व ऑक्साइडें भरपूर असलेल्या मातींत खताच्या पाण्यानें तणनाशक उलट अधिक धरलें जातें, तर ह्यूमसानें आधींच तृप्त असलेल्या मातींत तें सुटूं लागतें, असे परस्परविरुद्ध वाटणारे निष्कर्ष निरनिराळ्या देशांतील प्रयोगांतून निघालेले आहेत. दोन्ही खरे आहेत. इस्रायलांत सांडपाण्यावर ओलित केलेल्या जमिनींत अॅट्राझिन नेहमींच्या पाण्यापेक्षां खोल उतरल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून या विषयास विशेष चालना मिळाली.

पॅराक्वाटाची कथा वेगळी आहे. त्यावर धनभार असतो, म्हणून तें चिकणमातीच्या ऋणभारित जागीं व ह्यूमसावर बसतें. आपल्या केओलिन मातींत अशा जागा काळ्या मातीपेक्षां थोड्या आहेत. तरीही सामान्य मात्रा धरून ठेवण्यास त्या पुरतात. पॅराक्वाटाचें खरें भय विहिरीपेक्षां फवारणाराच्या पोटाशीं आहे. तें पोटांत गेल्यास त्यावर उतारा नाहीं. तें पाण्याच्या बाटलींत भरून ठेवण्याचा निष्काळजीपणा ज्या घरांत होतो, तेथें मातीच्या गुणकाची चर्चा व्यर्थ आहे.

आतां ही सर्व विद्या रत्नागिरीच्या भूमीवर लावून पाहूं. जेथें उतारावर माती खोल आहे तेथें तिसरें काम बहुधा वरचढ ठरावें. वरच्या थरांतून सुटलेलें तपकिरी पाणी खालच्या तांबड्या थरांतून जातां जातां निवळतें. कारण ऑक्साइडें त्यांतील सेंद्रिय द्रव्य गाळून घेतात. खोल मातीच्या विहिरीचें पाणी भर पावसांतही स्वच्छ राहतें तें यामुळें. होडी बुडाली म्हणजे उतारूही तेथेंच राहिला. परंतु आपल्या बागा सर्वच अशा जमिनींत नाहींत. सड्यावर सुरुंग लावून कातळांत खड्डे फोडावयाचे, बाहेरून माती आणून भरावयाची, त्यांत शेणखत घालून कलम लावावयाचें, ही आपल्याकडील रीत सर्वश्रुत आहे, व तिनें ओसाड सडे हिरवे केले याबद्दल आम्हांस अभिमानच वाटतो. पण अशा खड्ड्यांत मातीचा थर थोडा, खताचा वांटा मोठा, आणि खालीं गाळणारी माती नसून जांभ्याच्या नळ्या व भेगा. चिऱ्यास जीं भोकें असतात तींच खालीं कातळांतही आहेत. पाणी त्यांतून धांवत सड्याच्या कडेस झऱ्यारूपानें बाहेर पडतें, आणि त्या झऱ्यांच्या खालींच वाडी व वाडीची विहीर असते. येथें ऑक्साइडें आहेत, पण पाण्यास त्यांच्यापाशीं थांबण्यास सवड नाहीं. मातीस धरण्यास वेळ लागतो. भेगेंतून जाणारें पाणी तो वेळ देत नाहीं.

यांत काळाचाही भाग आहे. कलमांस खत देण्याचा आपला हंगाम पावसाच्या तोंडचा. उन्हाळाभर सुकलेल्या मातीवर व पाचोळ्यावर पहिल्या सरी पडल्या म्हणजे विद्राव्य द्रव्य सर्वांत अधिक सुटतें, हा सर्वत्रचा अनुभव आहे. पुढें पावसाचा जोर चालला कीं तें पातळ होत जातें. अर्थात् ज्या पंधरवड्यांत आळ्यांत शेणखत पडतें, स्फुरदाची खतें पडतात व पहिला पाऊस पडतो, त्याच पंधरवड्यांत कोणी तण उगवूं नये म्हणून तणनाशकही मारील, तर वर सांगितलेलें पहिलें व दुसरें काम एकाच वेळीं सुरू होण्यास यापरतें अनुकूल मुहूर्त दुसरें नाहीं. एका हातानें जीवामृत ओतावें व दुसऱ्यानें तणनाशक फवारावें, असेंही आम्हीं पाहिलें आहे. त्यांतील विसंगतीविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. परंतु निदान दोहोंत कांहीं आठवड्यांचें अंतर असावें.

भाताच्या खाचरांत आणखी एक प्रकार घडतो. चिखलणी करून पाणी बांधून ठेवलें म्हणजे मातींत हवा राहत नाहीं. अशा वेळीं लोखंडाचें ऑक्साइड हळूहळू रूप पालटून विरघळूं लागतें. खाचराच्या कडेस साचणारी तेलकट दिसणारी तांबूस साय पुष्कळांनीं पाहिली असेल. ती तेलाची नसून लोखंडाची. ऑक्साइड विरघळलें कीं त्यावर बसलेला स्फुरद मोकळा होतो, म्हणून भातास स्फुरदाची टंचाई वरकस पिकांइतकी भासत नाहीं. त्याच न्यायानें त्यावर बसलेलें सेंद्रिय द्रव्य व ग्लायफोसेटही सुटण्याचा संभव असतो. सगुणा भात तंत्रांत, जें रायगड जिल्ह्यांत नेरळ येथें श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं प्रचारांत आणलें, चिखलणीस फांटा देऊन गादीवाफ्यांवर भात करतात, मागील पिकाचीं मुळें जमिनींतच कुजूं देतात व तण मारण्यास तणनाशकावर भिस्त ठेवतात. मशागतीचा खर्च वांचतो व जमिनींतील सेंद्रिय अंश वाढतो, हे त्याचे गुण आम्ही मान्य करतों. मात्र तेथें मुळांचा कूज व तणनाशक एकाच थरांत वर्षानुवर्षें एकत्र नांदणार. अशा वाफ्यांतील निचऱ्याचें पाणी तपासण्याजोगें आहे, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठासारख्या संस्थेच्या हातचें तें काम आहे.

राबाविषयींही येथें सांगणें उचित होईल. कवळ, गवत व शेण पसरून दाढ भाजण्याच्या आपल्या रिवाजावर डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनीं १९१२ सालीं निबंध लिहिला होता. त्या वेळीं तणनाशकें नव्हतीं. आज असें आढळलें आहे कीं भाताचा पेंढा किंवा गव्हाचें काड जाळून उरलेली कोळशी डाययुरॉनासारखें द्रव्य मातीच्या शेंकडों पट अधिक धरते. ती इतकें धरते कीं तणासही पुरेसें मिळत नाहीं. म्हणून भाजलेल्या दाढीवर उगवणीपूर्वीचें तणनाशक मारून गुण आला नाहीं अशी तक्रार असल्यास औषधास भेसळीचा दोष देण्यापूर्वीं कोळशीकडे पाहावें. तसेंही राबाच्या उष्णतेनें तणाचें बीं पुष्कळ मरतें. तेथें तणनाशकाचा खर्च आम्हांस तरी अनाठायीं वाटतो.

या विवेचनावरून व्यवहारांत काय घ्यावें? ताज्या शेणापेक्षां चांगलें कुजलेलें खत घालावें, ही पहिली गोष्ट. ताज्या शेणांतून व ओल्या पाल्यांतून विद्राव्य द्रव्य अधिक सुटतें; त्यांतील साधे पदार्थ जंतु लवकर खाऊन टाकतात हें खरें, परंतु आपल्याकडे जंतूंनीं खाण्याच्या आधींच पाऊस तें वाहून नेतो. मुरलेल्या खतांतील घट्ट ह्यूमस मातींत राहतें व तणनाशक धरून ठेवतें. त्यांतून जें थोडें विरघळतें त्याची तणनाशक वाहण्याची शक्ति मात्र वजनाच्या मानानें अधिक असते, एवढें लक्षांत असूं द्यावें. दुसरें असें कीं तणनाशक कालवण्यास गढूळ किंवा शेणमिश्रित पाणी कधींही घेऊं नये. ग्लायफोसेट व पॅराक्वाट हीं गढुळांतील मातीस पंपांतच चिकटतात व पानावर जाण्यापूर्वींच निकामी होतात. मग गुण येत नाहीं म्हणून मात्रा वाढविली जाते, व वाढविलेली मात्रा जमिनीच्या माथीं बसते. खत घालण्याच्या पिंपांत तणनाशक कालवूं नये हें तर सांगणेंच नको.

विहिरीच्या अगर झऱ्याच्या वरच्या अंगास, व जेथें कातळ उघडा आहे तेथें, आमच्या मतें कोयता किंवा गवत कापण्याचें यंत्रच वापरावें. खर्च अधिक आला तरी. पावसाळ्यानंतर गवत काढावयाचें असेल तेव्हां तें कापून झाडाखालीं आच्छादन करावें, म्हणजे पुढील तणही दबतें.

कायद्याची बाजूही माहीत असावी. ग्लायफोसेटास आपल्या देशांत चहाचे मळे व पीक नसलेल्या जागा यांसाठींच मान्यता मिळालेली होती. आंब्याची बाग त्यांत येत नाहीं. पुढें ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा असें ठरविलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१५ सालीं त्यास बहुधा कर्ककारक अशा वर्गांत घातलें होतें. इतर कांहीं देशांच्या नियामक मंडळांनीं तें मत स्वीकारलें नाहीं. वाद मिटलेला नाहीं, आणि वाद मिटेपर्यंत विहीर संभाळणें हें कोणत्याही पक्षास धरून आहे.

ज्यांस आपल्या झऱ्याच्या पाण्याची शंका येते त्यांच्यासाठीं एक जुनी परीक्षा येथें देतों. २,४-डी प्रचारांत आल्यावर थोड्याच वर्षांत ती निघाली. एका बशींत टीपकागद घालून तो संशयित पाण्यानें भिजवावा, दुसरींत पावसाच्या पागोळीचें नव्हे तर उघड्यावर धरलेलें स्वच्छ पाणी घालावें, व दोहोंत काकडीचें एकाच पुडींतील बीं प्रत्येकीं वीस-वीस मांडून झांकून ठेवावें. चार-पांच दिवसांनीं मुळें मोजावीं. पाण्यांत २,४-डी अत्यल्प असलें तरी काकडीचें मूळ आंखूड व वेडेंवांकडें होतें. ग्लायफोसेटास ही परीक्षा इतकी नाजूक लागूं पडत नाहीं, त्यास प्रयोगशाळाच हवी; तेव्हां मुळें सरळ आलीं म्हणून पाणी सर्व द्रव्यांपासून मुक्त आहे असें समजूं नये. परीक्षा पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदां व श्रावणांत एकदां अशी दोन वेळां करावी, आणि प्रत्येक वेळीं बाटलीवर दिवस, झऱ्याचें नांव व वरच्या बागेंत खत आणि तणनाशक केव्हां घातलें तें लिहून ठेवावें.